मूळपुरुषाचा तक्ता आणि मोठी माय

कुलवृत्तांत या ग्रंथप्रकाराशी मराठी समीक्षेने एक सौजन्याचा करार करून ठेवला आहे. असा ग्रंथ निघाला की घराण्यातलाच एखादा निवृत्त प्राध्यापक प्रस्तावना लिहितो, प्रकाशनाला कुणी साहित्यिक येतो, संपादकांनी गावोगाव हिंडून सोसलेल्या कष्टांचे कौतुक होते, जेवणे होतात आणि मंडळी घरी जातात. ग्रंथ वाचून त्याच्याशी वाद कुणी घालत नाही. जणू तो ग्रंथ नव्हेच, लग्नपत्रिका आहे. शुद्धलेखन तेवढे तपासायचे! आम्ही हा करार मोडणार आहोत. 'आमच्या घराण्याचा इतिहास' असे ज्याच्या मुखपृष्ठावर छापलेले असते, तो त्या घराण्याच्या निम्म्याच माणसांचा हिशेब असतो, आणि दूरच्या शाखांचे एकमेकींशी नाते काय, या ज्या एका प्रश्नासाठी तो लिहिला जातो, त्याच प्रश्नाचे उत्तर त्याला पुष्कळदा देता येत नाही.

आमच्यापुढे असा एक ग्रंथ आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी घराण्याचा. नाव सांगत नाही, कारण दोष त्या घराण्याचा नाही, साच्याचा आहे. शेवटी घडी घालून चिकटवलेला मोठा तक्ता. वर मूळपुरुष, त्याचे तीन मुलगे, मग नातू, पणतू, अशा नऊ पिढ्या खाली उतरत गेलेल्या. आर्वीकडची शाखा भरघोस. हिंगणघाटकडची शाखा मात्र तक्त्यात नाही. ती परिशिष्टात आहे, आणि तिच्याखाली संपादकांची प्रामाणिक टीप आहे: आडनाव एक, कुलदैवत एक, परंतु मूळपुरुषाशी जोडणारा दुवा उपलब्ध कागदपत्रांत मिळत नाही.

हा दुवा आम्हांला सेलू तालुक्यातल्या एका लग्नाच्या मांडवात मिळाला. ऐंशी ओलांडलेल्या, सगळा गोतावळा जिला 'मोठी माय' म्हणतो अशा एका बाईंनी पानसुपारी करता करता तो सांगून टाकला. "त्यात शोधाचं काय हाय बाप्पा? हिंगणघाटवाल्याईची पणजी आपलीच पोरगी. तिच्या बापाले पोरगा नव्हता, तं जवाई घरीच ठेवला. पोराईनं आजाचंच आडनाव लावलं." संपादक तीन वर्षे ज्या मुलाचा शोध घेत होते, तो मुलगा नव्हताच. ती मुलगी होती.

मौखिक साक्ष म्हणून तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हते, म्हणून जुने महसुली कागद पाहिले. संपादकांनीही तेच कागद पाहिले होते, हे नंतर कळले. जमिनीच्या नोंदीत त्या बाईचे नाव होते, 'बेवा' अमुक. पण तो अमुक, म्हणजे तिचा घरजावई नवरा, या घराण्यातला नव्हता. साहजिकच संपादकांनी 'परक्या घरची बाई' म्हणून पान उलटले. जुन्या मध्य प्रांताच्या कागदांची ही भाषा एकदा नीट पाहण्यासारखी आहे. पुरुषापुढे 'वल्द', स्त्रीपुढे 'जौजे' किंवा 'बेवा'. पुरुष कोणाचा मुलगा ते कळते. स्त्री कोणाची बायको किंवा कोणाची विधवा एवढेच कळते. ती कोणाची मुलगी, हे सांगणारा शब्द आम्हांला या कागदांत क्वचितच दिसला. नोंद होती, आणि तरी दुवा नव्हता. मोठी माय ते अक्षर वाचू शकत नाही, आणि तिला ते वाचायची गरजही पडली नाही.

ही माहिती आम्ही संपादकांना कळवली, तेव्हा आलेले उत्तर सौम्य होते आणि म्हणूनच अधिक बोलके. मुलीच्या पोटची संतती 'रक्ताच्या' वंशावळीत घेण्याची प्रथा नाही, असे ते उत्तर. येथे आमचा खरा वाद सुरू होतो.

रक्त? त्याच तक्त्यात चार ठिकाणी कंसात 'दत्तक' लिहिलेले आहे. त्यांतल्या एका दत्तकाचे या घराण्याशी जन्माचे कसलेही नाते नाही, हे ग्रंथच सांगतो. विधी झाला, नाव बदलले, रेघ ओढली, आणि पुढच्या चार पिढ्या सरळ त्याच्याखाली उतरल्या. आम्हांला दत्तकाचे वावडे नाही. उलट वर्ध्यात बसून दत्तकाला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. सीकरजवळच्या एका खेड्यात 1889 साली जन्मलेल्या मुलाला वर्ध्याच्या बच्छराज बजाजांनी नातू म्हणून दत्तक घेतले नसते, तर जमनालाल बजाज वर्ध्याचे झाले नसते, आणि मग या गावाचा पुढचा इतिहास काय झाला असता कोण जाणे. त्याच जमनालालजींना गांधीजी आपला पाचवा पुत्र मानत. नाते विधीने जुळते, मानण्याने जुळते, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. मात्र जो तक्ता परक्याच्या मुलाला एका कंसाच्या आधारे पोटाशी धरतो, त्याने पोटच्या मुलीला नाकारताना रक्ताचे नाव घेऊ नये. तो रक्ताचा तक्ता नाही. शेत कुणाकडे गेले आणि पिंड कुणी दिला, यांचा तो तक्ता आहे. तसे स्पष्ट लिहावे, आमची हरकत नाही.

आणि ज्याला 'मुलीकडचे' म्हणून बाजूला सारायचे, त्याच्यावर आमच्या भागात एक राज्य उभे होते. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले हे दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे पुत्र. 1818 मध्ये दत्तकविधीने ते भोसले झाले आणि गादीवर बसले. 1853 च्या डिसेंबरात ते निपुत्रिक वारले. राण्या होत्या, नात्यातला मुलगा दत्तक घेण्याची तयारी होती, पण डलहौसीच्या लेखी वारस नव्हता. 1854 मध्ये राज्य खालसा झाले आणि त्याच मुलखातून 1862 मध्ये वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. आपल्या जिल्ह्याच्या जन्माच्या मुळाशी वंशावळ कशी वाचावी याचाच एक वाद आहे, हे आमच्या कुलवृत्तांतकारांच्या ध्यानात असते तर बरे झाले असते. मुलीच्या मुलाला रघूजी म्हणून स्वीकारणारे भोसले त्यांच्याहून मोकळे होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटू नये. महाभारत तरी दुसरे काय आहे? कुरुवंश, कुरुवंश म्हणून ज्याचा घोष चालतो, त्यात विचित्रवीर्यानंतर शंतनूच्या रक्ताचा थेंब नाही. व्यास सत्यवतीचा, धृतराष्ट्र आणि पांडू हे अंबिका-अंबालिकांचे, पांडव कुंती-माद्रींचे, पांडूचे नव्हेत. वंश जोडून ठेवला तो सुनांनी. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या माणसांना देव्हाऱ्यातून काढून घरात आणून बसवले, त्याला अर्धे शतक उलटून गेले. त्यांचा नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ तर 1953 चा. या दोन्ही ग्रंथांवर व्याख्याने देणारे प्राध्यापक स्वतःच्या घराण्याची प्रस्तावना लिहायला बसले की पहिल्या ओळीत 'मूळपुरुष' लिहितात. 'मूळस्त्री' हा शब्द मराठीत कानाला विचित्र वाटतो. तो विचित्र का वाटतो, यावर एखाद्या प्रबंधाला जागा आहे.

वास्तविक आमची भाषा या तक्त्यांहून शहाणी आहे. सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणणारी ही भाषा. मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलाशी लग्ने होत आली, म्हणून हे शब्द झाले. म्हणजे एकच माणूस दोन वाटांनी आपला लागतो: आईकडून मामा, बायकोकडून सासरा. विदर्भात इवाई, भासरे, साडभाऊ, मोठी माय असा जो शब्दांचा गोतावळा आहे, त्याचा बराच मोठा भाग बाईच्या येण्याजाण्याने तयार झालेला आहे. अशा समाजात दोन शाखांचे नाते वरून खाली उतरणाऱ्या रेघांनी कसे दाखवणार? रेघा आडव्या जातात, परत येतात, पूर्वीच्याच घराला पुन्हा मिळतात. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा एकमेकींत शिरत नाहीत. इथल्या घराण्यांचे मात्र दर दोन पिढ्यांनी तसेच होते. मांडवात 'हे आपले कोण लागतात?' असे विचारले की मोठी माय एक उत्तर देत नाही. "इकून पाह्यलं तं भाऊ, तिकून पाह्यलं तं साळा," असे म्हणते. संपादकांना हा गोंधळ वाटतो. आमच्या मते तेच अचूक उत्तर आहे.

या शोधातली सर्वांत मोठी अडचण तर आपणच घालून ठेवलेली आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहिले आणि बाईचे आडनावच नव्हे, पाळण्यातले नावही पुसले. माहेरच्या कागदात एक बाई, सासरच्या कागदात दुसरी. मधे पूल नाही. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर, आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच, हे आपल्याला माहीत आहे, कारण त्या रमाबाई आणि आनंदीबाई झाल्या. देवळी नाहीतर समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या यमुनेचे पुढे काय झाले, ती कुठल्या गावी कोणत्या नावाने वारली, हे शोधायचे तर कागद उपयोगाचे नाहीत. तिच्या भाचीची भाची शोधावी लागते. आम्ही ज्या तक्त्याविषयी लिहीत आहोत त्यात सुनांची नावे आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण ती सगळी सासरची नावे. काही जुन्या कुलवृत्तांतांनी सुनांची माहेरे आणि लेकींची सासरे एकेका ओळीत दिली आहेत, तेवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ती ओळही अलीकडच्या ग्रंथांतून गळू लागली आहे आणि तिच्या जागी रंगीत छायाचित्रे आली आहेत.

आता परंपरेचा मुद्दा. 'आपल्याकडे पूर्वीपासून असेच' हे वाक्य ऐकून आम्ही थकलो आहोत. पूर्वी म्हणजे केव्हा? वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. नवरा गेल्यावर अल्पवयीन मुलाच्या वतीने तिने राज्य चालवले. तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. तो दिला गेला नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, आणि त्यातले दान सुप्रतिष्ठ आहारातल्या एका गावचे आहे. हा आहार अभ्यासकांनी आपल्या हिंगणघाटच्या परिसराशी जुळवला आहे. या ताम्रपटाच्या आरंभी वंशावळ आहे, आणि ती नवऱ्याची नाही. ती गुप्तांची आहे, तिच्या बापाची. आई कुबेरनागा नागकुळातली, म्हणजे आईचे माहेरसुद्धा तिने कोरून ठेवले. स्वतःचे गोत्र तिने धारण हेच सांगितले, जे माहेरचे. वाकाटकांचे विष्णुवृद्ध गोत्र नव्हे. आणि दोन्ही कुळांचे भूषण असे तिचे वर्णन आहे. दोन्ही! सोळाशे वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या मातीचे दान देणाऱ्या बाईला आपण कोणाची लेक हे सांगता येत होते. तिच्याच मुलाने वसवलेले प्रवरपूर म्हणजे आजचे धाम नदीकाठचे पवनार, असे वा. वि. मिराशींचे मत. पवनारहून हिंगणघाटला आज तासाभरात पोचता येते. त्या वाटेवरच्या कुठल्याही गावात जाऊन घरातला तक्ता मागावा आणि त्यात लेक शोधावी.

ती राणी होती, तिचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. ठीक. मग भटजींची पोथी घ्या. महालयातल्या श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी येतात. आईचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप येतो. पुढे मामा, आत्या, मावशी, बहीण, लेक, सासरे, गुरू आणि मित्रदेखील येतात. ज्याला आपण कर्मठ म्हणतो त्या कर्मकांडाला मावशी आठवते. आमच्या पुरोगामी संपादकमंडळाला ती आठवत नाही. वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर कौंडण्यपूर आहे, आणि तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. माहेरचे नाते शतकानुशतके पायी चालून टिकवणारा हा मुलूख आहे. दमयंती इथली, लोपामुद्रा इथली, इंदुमती इथली: काव्यांनी विदर्भ ओळखला तो लेकीचे माहेर म्हणून. रघुवंशातला दशरथसुद्धा विदर्भाच्या लेकीचाच मुलगा.

हा सगळा वाद पुस्तकी राहिला असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. पण वंशावळ आता दिवाणखान्यातून सरकारी टेबलावर आली आहे. जातपडताळणीसाठी, म्हणजे पोरीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी आणि पोराच्या नोकरीसाठी, शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि ती बापाकडची. त्यासाठी आमच्याकडे लोक कोतवाल पंजीचे उतारे शोधत फिरतात. त्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे: बापाचे नाव, जात, आणि बाळ मुलगा की मुलगी, पुष्कळदा बाळाचेही नाव नाही, मग आईचे कुठून असणार? 26 जानेवारी 2024 रोजी शासनाने एक मसुदा काढला आणि 'सगेसोयरे' हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. त्या आरक्षणाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न शब्दाचा आहे. सोयरा म्हणजे बाईमुळे जोडलेला माणूस. त्या मसुद्यातली व्याख्या मात्र वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांतल्या लग्नांपासून मोजायला लागते. सोयरिकीची व्याख्यासुद्धा बापाच्या उंबऱ्यावरून! त्याच वर्षी, 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला, तो चांगलाच आहे. पण त्यात आईचे नाव येते, तिचे माहेर येत नाही. पुढच्या शतकातला शोधक पुन्हा त्याच पानावर अडेल.

आणि शेत. 1994 मध्ये महाराष्ट्राने, नंतर 2005 मध्ये केंद्राने वारसाकायदा सुधारला आणि वडिलार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका जन्मसिद्ध वाटा दिला. (1994 च्या दुरुस्तीत आधीच लग्न झालेल्या लेकी वगळल्या होत्या, 2005 मध्ये तो अपवाद गेला.) तेव्हापासून आमच्या गावांत एक विलक्षण गोष्ट घडू लागली. बाप वारला की तलाठ्याकडच्या वारसनोंदीत सगळ्या लेकींची नावे येतात, सासरच्या गावांसह, स्पष्ट अक्षरांत. शंभर वर्षांत प्रथमच कागदाला घरातल्या मुली दिसल्या. आणि मग थोड्याच दिवसांत, राखीच्या आसपास म्हणा, त्या हक्कसोडपत्रावर सही करतात आणि नोंदीतून पुन्हा निघून जातात. भावाने साडी घेतलेली असते. कुलवृत्तांतात लेकीला जागा नाही आणि सातबाऱ्यावर लेकीचे नाव टिकत नाही, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्या निरागसपणाचा आम्हांला हेवा वाटतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे. प्रत्येक आईची बाजू धरली तर दहा पिढ्या मागे एकेका माणसाचे 1024 पूर्वज होतील. तक्ता मावायचा कुठे? आमचे उत्तर असे की मग तक्ता करू नये. नात्यांचे सगळे ज्ञान एका घडीच्या कागदावर मावलेच पाहिजे, हा हट्ट कुणाचा? दूरच्या दोन शाखांचे नाते लिहायला दोन परिच्छेद पुरतात: कोण, कोणत्या गावची, माहेरचे नाव काय, सासरचे काय, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला ओळखले, आणि हे सांगितले कुणी. विद्यापीठांतून लोकसाहित्याच्या नावाखाली ओव्या गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ओवी म्हणणाऱ्या बाईला तिचे आजोळ विचारले असते, तरी एव्हाना अर्ध्या जिल्ह्याचा कुलवृत्तांत तयार झाला असता. ओवी छापली, खाली 'संकलन' म्हणून प्राध्यापकांचे नाव छापले. बाई राहून गेली.

त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघते आहे. आमच्याकडे माहितीपत्रक आले आहे. त्यात 'पुत्रांची नावे' असा मोठा रकाना आहे, आणि खाली बारीक अक्षरांत 'कन्या असल्यास संख्या'. आम्ही सेलूला जाऊन दोन दिवस मोठ्या मायजवळ बसलो. तिने सांगितलेल्या एकेचाळीस बायांची नावे, माहेरची आणि सासरची, गावांसह, सात पानांवर लिहून काढली आणि पत्रकाला टाचून पाठवली. त्यांतल्या नऊ जणींचे पाळण्यातले नाव तिलाही आठवले नाही. तिथे जागा कोरी ठेवली आहे. संख्येच्या रकान्यात 'सोबतची पाने पाहावीत' असे लिहिले.